सात नंबरचा चार्ट

हॉस्टेल, खोली नंबर नऊ
२ नोव्हेंबर

प्रिय चिमटे,

तू मजेत असशील, अशी पत्राची सुरुवात करायला शाळेत शिकवलं होतं म्हणून करते. नसशील, हे मला ठाऊक आहे. फोन तू उचलत नाहीस, दुसऱ्या नंबरवरून केला तरी माझा आवाज ऐकून ठेवून देतेस. मग राहिलं हे पत्र. पोस्टाच्या खिडकीतल्या बाईंनी तिकीट देताना माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू म्युझियममधून पळून आलेय.

आधी इकडची खुशाली. तुझी खाट पहिल्या वर्षाच्या एका मुलीला दिली. ती घोरते. एवढ्याशा मुलीच्या आत एवढा मोठा ट्रॅक्टर कसा मावतो, देव जाणे. तुझे दोन युनिफॉर्म, पांढरे बूट आणि शरीररचनेचं ते जाड पुस्तक मी खोक्यात बांधून ठेवलंय. बूट पुसून ठेवलेत. तुला लागतील, असं मला वाटतं.

वॉर्डात सगळं तसंच आहे. चाळीस पेशंट आणि बीपीची दोन मशीन, त्यातल्या एकाची हवा गळते. इस्त्रीबाई अजून तशाच कडक आणि तशाच तापलेल्या. (बघ, आपण इन्चार्ज सिस्टरला ठेवलेलं नाव मी पत्रात लिहिलं. पत्र जपून ठेव, नाहीतर मीही घरी.) काल त्यांनी सगळ्या पेशंटसमोर मला विचारलं, "ए अठरा, हात धुतलेस की नुसते ओले केलेस?" अडीच वर्षं झाली, पण या इमारतीत आपल्याला नाव असतं हे कुणाच्या गावी नाही. तू सतरा, मी अठरा. औषधाच्या बाटल्यांना तरी नावाची चिठ्ठी असते.

तुझ्या प्रकरणानंतर बाईंनी सगळ्या विद्यार्थिनींना रांगेत उभं केलं. म्हणाल्या, "एकीने दुसरीचे पेशंट सांभाळायचे आणि चार्टवर तिचाच नंबर टाकायचा, असली कुठलीही पद्धत माझ्या वॉर्डात नाही." पद्धत नाही म्हणे! पहिल्याच आठवड्यात सीनियर मुलींनी आपल्याला इंजेक्शनच्या आधी तेच शिकवलं होतं. जिचे पेशंट तिचा नंबर, मग लिहिणारी कुणी का असेना. बाईंनी स्वतःच्या शिकण्याच्या दिवसांत दुसरं काय केलं असेल?

मुद्द्यावर ये, असं तू म्हणशील. चिमट्यासारखी बारीक आणि बोलण्यात चिमटे काढणारी, म्हणून तर तुझं हे नाव पडलं. येते मुद्द्यावर. तुझा अर्ज मंजूर झाला. अठरा तारखेला कमिटीपुढे फेरसुनावणी आहे, आणि मलाही बोलावलंय. नोटीस फळ्यावर लावली आहे, त्यात तुझ्यावरचा ठपका पुन्हा सविस्तर लिहिलाय: सतरा नंबरने सात नंबरच्या खाटेचा चार्ट आधीच भरून ठेवला, अडीच ते चारच्या नाडीचे आकडे मनाने लिहिले आणि ती वॉर्ड सोडून गेली. हॉस्टेलच्या फाटकावरच्या वहीत तुझी वेळ आहे, आत दोन पन्नास, बाहेर चार दहा. तेवढ्यात त्या खाटेवरच्या शिंपीकाकांच्या पोटात, सकाळी ऑपरेशन झालेल्या जागी, आतल्या आत रक्त वाहत राहिलं. चार्टवर मात्र नाडी शांत.

फळ्यासमोर उभ्या असलेल्या मुली माझ्याकडे वळून बघत होत्या.

पहिल्या चौकशीत तू सांगितलंस, की मी अठराला सांगून गेले होते. त्यांनी मला विचारलं आणि मी म्हणाले, मला काही सांगितलं नव्हतं. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. त्या बघण्याबद्दल मला बोलायचं आहे, पण पत्रात नको.

मला एवढंच कळतं, की ही सुनावणी तुझ्या बाजूने लागलीच पाहिजे. पुढच्या वर्षी तू वयाच्या अटीत बसत नाहीस. इथून काढलं तर दुसरी कुठली शाळा तुला दारात उभी करणार नाही. दोन वर्षं थांबून तू ही जागा मिळवली होतीस, हे मी विसरलेले नाही.

हॉस्टेलच्या वॉर्डनबाई तुझ्याशी काही बोलल्या का गं? सहज विचारते.

बाबांना माझा नमस्कार सांग. जेवत जा.

तुझी,
अठरा


खोली नंबर नऊ
९ नोव्हेंबर

चिमटे,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी! तार केली असतीस तरी जास्त झाल्या असत्या. पण तू लिहिलंस, याचाच मला इतका आनंद झाला की घोरणाऱ्या मुलीला माझ्या वाटणीचं केळं दिलं.

चारही ओळी मला पाठ झाल्यात. तू लिहितेस, "मी तुझी वही आणायला गेले होते. ती माझ्या हातात असताना वॉर्डनबाईंनी पाहिली, त्या सांगायला तयार आहेत. पण तूच सांगितलंस तर मला जास्त बरं वाटेल. परत आल्यावर मी स्वतः त्यांची नाडी मोजायला हवी होती, ती चूक माझी, ती मी मान्य करेन."

तू अशीच आहेस. स्वतःचा कान आधी पिळून घेशील आणि मग दुसऱ्याच्या कानाला हात लावशील. मला कधी कधी तुझा राग येतो तो यामुळेच.

त्या दिवसाबद्दल मी खूप विचार करते. दुपारी सव्वादोनला निरोप आला, की ट्यूटर मॅडम पाचला येऊन सगळ्यांच्या प्रोसिजरच्या वह्या तपासणार. आपल्यापैकी कुणाला घाम फुटला नसेल! वीस इंजेक्शनं, दहा लघवीच्या नळ्या, पाच नाकातल्या नळ्या, प्रत्येकीपुढे कुठल्या तरी सिस्टरची सही. सही नाही तर परीक्षा नाही. आणि सही मिळते कशी? कपाटं पुसा, सिस्टरच्या मुलाच्या प्रकल्पाला चित्रं काढून द्या, तेव्हा एक मिळते. ज्या मुलीवर आधीच दोन लाल शेरे आहेत तिची वहीच हॉस्टेलवर राहिली असेल, तर तिसरा शेरा आणि सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. अशा मुलीच्या चेहऱ्याकडे बघून तिच्या मैत्रिणीला दया येणं साहजिक आहे. मैत्रीण म्हणालीही असेल, "तू हलू नकोस, बाईंची नजर तुझ्यावर आहे. मी धावत जाऊन आणते, माझ्या चार जणांकडे बघ." वॉर्डातून हॉस्टेल पंचवीस मिनिटं. त्यात खोल्यांची तपासणी चालू, म्हणून वरचा मजला चारपर्यंत बंद. अशी गोष्ट कुणाच्याही बाबतीत घडू शकते.

आता नीट ऐक. वॉर्डनबाईंना मध्ये आणू नकोस. ड्यूटीच्या वेळेत कुणालाही खोलीत सोडायचं नाही असा नियम आहे, आणि त्यांनी तुला सोडलं. तू त्यांना साक्षीला उभं केलंस की कमिटी आधी त्यांनाच धरेल. एकट्या बाई, नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. त्यांचं नुकसान करून तू परत आलीस तर तुला इथे भात गिळवेल का? मी तुला ओळखते. अर्जात साक्षीदारांचा रकाना आहे ना, चौदा तारखेपर्यंत भरून द्यायचा? तो कोरा सोड. मला तर कमिटीने स्वतःहून बोलावलं आहे, माझं नाव लिहायचीही गरज नाही.

मी आहे. त्या दिवशी काय सांगायचं ते मी सांगेन. घाबरू नकोस.

परवा शिंपीकाकांच्या बायको वॉर्डात आल्या होत्या. काकांचा चष्मा कपाटात राहिला होता. तुला आठवतं, पूर्ण वॉर्डात ते एकटेच आपल्याला "सिस्टर" म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे? माझ्या युनिफॉर्मची खालची शिवण बघून म्हणाले होते, "सिस्टर, हे कुणी शिवलं? त्याला माझ्याकडे पाठवा, चार दिवस नुसती सुई ओवायला लावतो." काकूंनी चष्मा पदरात गुंडाळला आणि मला विचारलं, "शेवटी त्यांना फार त्रास झाला का?" मी म्हणाले, "नाही काकू. शांत होते." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

मला अलीकडे रात्री झोप येत नाही. ती घोरणारी आहे ना, दुसरं काय.

अठरा तारखेला नऊ वाजता ये. उशीर करू नकोस, कमिटीवरचे मोठे डॉक्टर उशीर करणाऱ्यांवर आधीच खार खाऊन असतात. इस्त्री केलेला पांढरा ड्रेस घाल.

वाट बघते.

तुझी,
अठरा


खोली नंबर नऊ
२० नोव्हेंबर

चिमटे,

आज खुशाली विचारत नाही.

परवा तू कमिटीच्या खोलीतून बाहेर पडलीस आणि जिन्याकडे गेलीस. मी खिडकीतून बघत होते. तुझे बाबा तुझ्या मागून एक एक पायरी उतरत होते. तुझं खोकं बाबांच्या खांद्यावर होतं. तेवढंच एक काम मी तुझ्यासाठी नीट केलं, सुतळी घट्ट बांधली होती.

तुझे बाबा सकाळी मला बाकावर भेटले होते, हे तुला त्यांनी सांगितलं का? तू हात धुवायला गेली होतीस. ते उठून उभे राहिले माझ्यासाठी. म्हणाले, "पोरी, तू आहेस म्हणून धीर आहे बघ. ही म्हणते, अठरा सगळं सांगणार आहे." मी म्हणाले, "बसा ना काका." आणि आत गेले.

आतलं तू पाहिलंस, तरी लिहिते. माझ्या बाजूने ते कसं होतं हे तुला माहीत नाही.

मोठ्या डॉक्टरांनी तुला विचारलं, "सतरा, तुमच्या बाजूने बोलणारं कुणी आहे?" तू म्हणालीस, "अठरा आहे. ती सांगेल." आणि तू चक्क हसलीस माझ्याकडे बघून, परीक्षेत उत्तर येत असल्यासारखी.

मी म्हणाले, "मला जे माहीत होतं ते मागेच सांगितलंय, सर. मला कुणी काही सांगून गेलं नव्हतं."

"आणि चार्टवरचे आकडे?"

"मी पाहिले नाहीत. माझे पेशंट पलीकडच्या रांगेत होते."

माझा आवाज अजिबात हलला नाही. मला वाटलं होतं हलेल. घरून निघताना देवाला म्हणतात तसं मी रात्रभर मनात म्हणत होते, की आयत्या वेळी खरं बाहेर पडू दे, माझ्या हातात राहू नये. पण ते आपोआप पडत नसतं. मी तोंड उघडलं आणि तयार वाक्य निघालं.

मग तू उभी राहिलीस. "थांबा. वॉर्डनबाईंना बोलवा. त्यांनी हिची वही पाहिली आहे." आणि प्राचार्य मॅडमनी तुझा अर्ज वर धरला. "साक्षीदारांचा रकाना आहे इथे. तुम्ही कोरा सोडलात. आता आयत्या वेळी नाव सुचलं का?" कारकून खाली मान घालून लिहीत होता, तोसुद्धा लिहायचा थांबला.

तू मॅडमकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडेच पाहत राहिलीस. तेव्हा तुला रकान्याचं कळलं असणार. तू घरी जाऊन माझं दुसरं पत्र पुन्हा वाचलं असशील, तर हेही कळलं असेल, की त्यात "सांगेन" आहे, काय सांगेन ते नाही. "मैत्रीण म्हणालीही असेल" आहे, "तू म्हणालीस" नाही. ते पत्र मी चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं होतं. झोपेचं मात्र खरं होतं.

तू मला शिव्या घालत असशील तर घाल. मीही तुला घालते. कोण सांगायला गेलं होतं तुला माझ्यावर विश्वास ठेवायला? पहिल्या चौकशीत मी एकदा खोटं बोलले होते, तुझ्या डोळ्यांदेखत. त्यानंतर शेंबड्या पोरानेही वॉर्डनबाईंचं नाव लिहिलं असतं. तुला मात्र मी स्वतः सांगायला हवं होतं! तुला नुसतं परत यायचं नव्हतं, मलाही चांगली करून परत यायचं होतं. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, हे आपली मोठी माणसं उगाच म्हणत नाहीत.

हे मी रागाने लिहिलं. खोडत नाही. पण याच्यासाठी हे पत्र नाही.

एक गोष्ट तुला माहीत नाही. तुला वाटतं, मी तुझे पेशंट विसरले आणि मागचे आकडे पुढे उतरवले. कमिटीला वाटतं ते तू केलंस, तुला वाटतं ते मी केलं. अडीच, तीन, साडेतीनच्या आकड्यांचं तुला वाटतं तसंच आहे. तू गेलीस आणि दहाच मिनिटांत धाकट्या सिस्टरने हाक मारली, "नाकातली नळी कुणाला घालायची आहे? सही देते." माझी शेवटची एक राहिली होती. मी धावले. त्या पेशंटला उलट्या झाल्या, त्याची चादर बदलली, मग बाईंनी उपकरणं उकळायला बसवलं. मध्येच जाऊन तुझ्या चारही चार्टवर आकडे टाकले. ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी. खाली सतरा. सगळ्या जणी कधी ना कधी करतात. तूही केलंयस एकदा, तापाच्या चार्टवर, आठव.

पण चार वाजता मी मोजली.

शिंपीकाकांनीच बोलावलं. म्हणाले, "सिस्टर, फार तहान लागलीय हो. आणि एवढी थंडी का वाजतेय?" मी म्हणाले, "भूल उतरताना वाजते, काका." पांघरूण वर ओढताना हात लागला. हात गार होता आणि ओला, नळाखाली धरल्यासारखा. मी मनगट धरलं, घड्याळात बघितलं आणि पूर्ण एक मिनिट मोजली. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केली नाही. त्या दिवशी नियमाप्रमाणे केलेली ती एकच गोष्ट. आकडा आला तो आपल्याला पहिल्या वर्षीच शिकवलाय: गार घाम, तहान, धावती नाडी, की आधी सिस्टरला ओरडून हाक मारायची आणि मग बाकी सगळं.

इस्त्रीबाई पंधरा पावलांवर टेबलाशी बसल्या होत्या.

मी चार्ट हातात घेतला. मागे ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी. त्याच्यापुढे हा खरा आकडा लिहिला असता तर बाईंनी पहिला प्रश्न काय विचारला असता? अर्ध्या तासात एवढी कशी चढली, साडेतीनला कुणी मोजली, सतरा कुठे आहे? आणि पाचला मॅडम येणार, माझी वही अजून रस्त्यात. मी सगळा हिशेब उभ्या उभ्या केला. माणसाचं डोकं अशा वेळी किती भराभर चालतं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

मी अठ्ठ्याऐंशी लिहिलं. ठरवलं होतं, साडेचारला शहाण्णव लिहायचं, पाचला एकशे चार. पायरीपायरीने खऱ्या आकड्यापर्यंत न्यायचं, की मग बाईंना हाक मारता येईल आणि चार्टही बरोबर दिसेल. मला त्यांना मारायचं नव्हतं गं. मला फक्त चार्ट जुळवायचा होता.

काकांनी विचारलं, "ठीक आहे ना, सिस्टर?" मी म्हणाले, "अगदी."

चार पस्तीसला तू घामाघूम होऊन आलीस. माझी वही तू ओढणीत झाकून आणली होतीस. चार्टवर नजर टाकलीस आणि मला विचारलंस, "तू मोजलीस ना?" मी म्हणाले, "हो." तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवून साडेचारचा आकडा नव्वद लिहिलास, कारण मॅडम वेळेआधीच जिन्यात आल्या होत्या आणि तुला तुझी स्वतःची वही काढायची होती. त्या नव्वदासाठी तू अजून स्वतःला खातेयस, हे मला तुझ्या चार ओळींवरून कळलं. खाऊ नकोस. तू बघितलास तो आकडा मी तुझ्यासाठी रचून ठेवला होता. पाच वीसला काका गेले तेव्हा माझ्या वहीवर मॅडमची शाई ओली होती.

ऑपरेशनच्या खोलीत न्यायला उशीर झाला, असं मोठे डॉक्टर म्हणाले ना? "तासभर आधी कळलं असतं तर." तासभर आधी मला कळलं होतं.

हे तुला का सांगितलं, असं विचारशील. दुसऱ्या कुणाला सांगणार? आईला सांगितलं तर ती देवळात जाऊन बसेल. तुझ्याशिवाय या जगात माझं ऐकून घेणारं कुणी नाही, आणि तुला मीच घालवलं. आणखी खरं सांगू? तू चांगली राहिलीस याचा मला त्रास होतो. आता तुला काकांचा चेहरा माझ्यासारखाच दिसेल, मग मी एकटी राहणार नाही. इतकं हलकट कारण आहे.

पत्र घेऊन तू कमिटीकडे जाऊ शकतेस. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, फाइल बंद झाली, पण बंद फाइली उघडतात म्हणे. गेलीस तर मला बोलावतील. मी सांगेन, की हाकलून दिल्याच्या रागात सतराने माझ्या अक्षरात लिहिलं, अडीच वर्षं आम्ही एकमेकींच्या जागी लिहीतच आलोय. ते कुणावर विश्वास ठेवतील हे मी आता दोनदा पाहिलंय.

सोमवारपासून माझी पुन्हा त्याच वॉर्डात ड्यूटी आहे. पहिल्या वर्षाच्या मुलींना नाडी मोजायला शिकवायचं काम बाईंनी मला दिलंय. माझं मन लागतं कामात, असं त्या म्हणाल्या.

आकडा मी आजवर कुठे लिहिला नाही, उच्चारला नाही. तुला लिहिते. एकशे छत्तीस.

उद्या कुणी विचारलं तर पुन्हा नाहीच म्हणणारी,
तुझी,
अठरा